धसका आणि आजार

मोठा आघात झाला की माणसाने त्याचा धसका घेतला, असे मराठीत म्हणतात. धसका ओसरलाच नाही आणि माणूस खंगत गेला, तर त्याने हाय खाल्ली असे म्हणतात. पहिली गोष्ट बहुतेकांच्या बाबतीत घडते, दुसरी थोड्यांच्या. आघातानंतरच्या त्रासाला आजार कधी म्हणायचे, हा मनोविकारशास्त्रातला चाळीस वर्षांहून जुना वाद या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे. शास्त्राने आजाराची हद्द सरकवत सरकवत पार धसक्यापर्यंत आणली, असा टीकाकारांचा आरोप आहे. तो बराचसा खरा आहे, पण पूर्ण खरा नाही.

हैदराबादच्या मलकपेठेतून एल. बी. नगरच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर दिलसुखनगर येते. २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी सातच्या सुमारास, बस थांब्यांवर गर्दी असताना, तिथे सायकलींना लावलेले दोन बॉम्ब काही मिनिटांच्या अंतराने फुटले. १८ जणांचा बळी गेला, शंभरावर जखमी झाले. खरचटण्यावर निभावलेल्या एखाद्या दुकानदाराची कल्पना करावी. तिसऱ्या दिवशीही त्याला झोप नाही. डोळे मिटले की तोच आवाज, तोच धूर. टेकवून ठेवलेली सायकल दिसली की छातीत धडधडते. थांब्याकडे जायला नको म्हणून तो लांबच्या गल्लीने घरी जातो.

हा माणूस रुग्ण आहे काय? त्या वर्षीच्या पुस्तकांनुसार, आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत १९९४ पासून ‘तीव्र ताणविकार’ आहे आणि पहिल्या महिन्यातली अशी लक्षणे त्यात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीतही ‘तीव्र ताण-प्रतिक्रिया’ मनोविकारांतच मोडत होती. २०२२ च्या जानेवारीत अकरावी आवृत्ती लागू झाली आणि हीच प्रतिक्रिया मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढण्यात आली. आता ती आरोग्यावर परिणाम करणाऱ्या बाबींच्या यादीत आहे. मदत द्यावी, पण आजार म्हणू नये, असा त्याचा अर्थ. डीएसएममध्ये मात्र तो विकार अजून आहे. म्हणजे तोच माणूस, तीच धडधड, आणि एका पुस्तकात तो आजारी तर दुसऱ्यात धडधाकट. मधुमेहाच्या बाबतीत असे घडले असते तर लोकांनी डॉक्टरांना फाडून खाल्ले असते.

हा घोळ कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे ‘पीटीएसडी’, हे निदान डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८० मध्ये आले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांना उपचार आणि भरपाई हवी होती, आणि निदानाशिवाय सरकारी खिडकी उघडत नव्हती. त्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी लढून हे नाव मिळवले. नेहमीच्या मानवी अनुभवापलीकडची घटना घडलेली असावी, अशी अट तेव्हा होती. १९९४ मध्ये ती गेली आणि दार मोठे झाले. पुढे लक्षणेही वाढली. २०१३ च्या मे महिन्यात, दिलसुखनगरच्या स्फोटांनंतर तीन महिन्यांनी, पाचवी आवृत्ती आली. तिच्यात पीटीएसडीची २० लक्षणे आहेत आणि त्यांच्या जुळण्या मांडल्या तर एकच निदान ६ लाख ३६ हजार १२० प्रकारे होऊ शकते, असा हिशेब संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी २००१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले होते की हा विकार सापडलेला नाही, समाजाच्या सोयीसाठी घडवलेला आहे. आणखी बोचरी टीका आली ती ॲलन फ्रान्सिस यांच्याकडून. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख तेच होते.

लक्षणे मोजण्याच्या पद्धतीत एक खोट आहे. ती माणसाच्या आत बघते, भोवताली बघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीत भूकंप झाला. गाव लातूर जिल्ह्यातले, म्हणजे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातले. जवळपास दहा हजार माणसे गेली, आणि बहुतेक जण दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली गेले. वाचलेल्यांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. एका लहान गटाच्या प्राथमिक अहवालात निम्म्याहून अधिक लोकांत मनोविकाराचे निदान झाले, आणि तो १९९६ मध्ये अमेरिकेच्या मान्यवर नियतकालिकात छापून आला. त्यातले दुःख खरे होते, शंकाच नाही. पण जमीन अजून हादरत असताना दगडी घरात झोपायला नकार देणारा शेतकरी ‘टाळाटाळ’ या लक्षणाचे उदाहरण आहे की शहाणा माणूस? दिलसुखनगरलाही तेच लागू पडते. २५ ऑगस्ट २००७ ला हैदराबादेतच गोकुळ चाट आणि लुंबिनी पार्कमध्ये स्फोट झाले, त्याच रात्री दिलसुखनगरमध्ये एक न फुटलेला बॉम्ब सापडला होता. तिथल्या माणसाने सहा वर्षांनी बेवारशी पिशवीकडे संशयाने पाहिले, तर त्यात विकार शोधायला जाण्याचे कारण नाही.

दुसरी खोट घड्याळाची. न्यूयॉर्कमधल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दुसऱ्या महिन्याच्या सुमारास मॅनहॅटनमध्ये ७.५ टक्के प्रौढांत पीटीएसडीची लक्षणे आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण ०.६ टक्क्यांवर आले. एवढ्या लोकांना कोणी बरे केले नव्हते; त्यांचा धसका आपोआप ओसरला. लवकर मोजले की आकडा फुगतो, आणि वृत्तपत्रांत छापला जातो तो हाच आकडा.

निदानाची घाई नुसती कागदावर राहिली असती तर फारसे बिघडले नसते. पण निदानामागून उपचार येतात. आघात झालेल्याला लगेच बसवून सगळे पुन्हा बोलायला लावण्याची एक पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर पसरली. तपासणी झाली तेव्हा दिसले की अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, उलट काहींचा त्रास वाढू शकतो. पहिल्या महिन्यात झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले. आपल्याकडे मात्र रडणाऱ्या बाईला ‘झोपेची एक देऊन टाका’ असे आजही सहज म्हटले जाते. पहिल्या दिवसांत लागतात त्या गोष्टी साध्या आहेत: निवारा, पाणी, नातेवाइकांचा पत्ता, खरी माहिती, आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणीतरी.

शोकाच्या बाबतीत ही ओढाताण आणखी उघडी पडते. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर दोन महिने नैराश्याचे निदान सहसा करायचे नाही, अशी सवलत होती. पाचवीने ती काढली, त्यामुळे दोन आठवड्यांच्या दुःखालाही नैराश्य म्हणण्याची वाट मोकळी झाली. २०२२ मध्ये ‘प्रदीर्घ शोकविकार’ आला: प्रौढांसाठी डीएसएममध्ये किमान बारा महिने, आयसीडीमध्ये सहा. हिंदू घरात वर्षश्राद्धापर्यंत दुखवटा चालतो, मलकपेठेतल्या मुस्लिम घरांत चाळिसावा होतो आणि विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. समाजाने आपली मुदत आधीच ठरवली आहे, आणि दोन्ही पुस्तकांना अखेर लिहावे लागले की शोक त्या त्या संस्कृतीच्या रीतीबाहेर गेलेला असला तरच तो विकार. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, त्यात उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी वाहून गेली. अमजद वाचले आणि १९६१ पर्यंत जगले. ते दुःख त्यांच्या कवितेत राहिले, आणि रुबाईकार म्हणून त्यांचे नाव झाले. दुःख जन्मभर टिकले म्हणजे आजार, असे नाही. जगणे थांबले आहे का, हा प्रश्न आहे.

टीकाकार इथे एक गोष्ट विसरतात. ज्यांचे जगणे खरोखर थांबते ती माणसे असतातच. वर्ष उलटूनही दुकान उघडू न शकणारा, पहाटे किंचाळत उठणारा, दारूत बुडालेला माणूस ‘धसका आहे, जाईल’ म्हणून सोडून देणे ही दयाळू वाटणारी क्रूरता आहे. आघातावर केंद्रित मानसोपचारांनी अशांपैकी अनेक जण सावरतात, हे चांगले सिद्ध झाले आहे. आणि भारताची अडचण उलट टोकाची आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांत चालू मनोविकार आढळला, आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उपचार मिळत नव्हते. मलकपेठ आणि एर्रगड्डा ही मेट्रोच्या एकाच लाल मार्गावरची स्थानके आहेत, गाडी बदलावी लागत नाही. पण एर्रगड्ड्याच्या मनोरुग्णालयाचे नाव हैदराबादेत टोमणा म्हणून वापरले जाते, जसे महाराष्ट्रात येरवड्याचे किंवा ठाण्याचे. लोक तिकिटाला घाबरत नाहीत, त्या नावाला घाबरतात. नको त्याला शिक्का बसतो आणि ज्याला उपचार हवेत तो शिक्क्याच्या भीतीने घरीच राहतो, अशी दुहेरी चूक एकाच शहरात होऊ शकते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार ठरवण्यासाठी आयसीडीसारखी मान्य मानके वापरायला सांगितले आहे, आणि समाजाच्या रूढींशी न जुळणे एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असेही म्हटले आहे. त्यामुळे दिलसुखनगरचा तो दुकानदार आज तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला, तर त्याला गोळ्यांपेक्षा धीर देणारा डॉक्टर नियमाला धरून असेल. महिना उलटल्यावरही झोप, काम आणि माणसे त्याच्या हातून सुटत राहिली, तर मात्र उपचाराला उशीर करू नये. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे तेलुगू, उर्दू व मराठीतही बोलता येते.