चार ग्रामसभा आणि एक नोंदवही

कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाड, आंबिवली, टिटवाळा मागे पडतं आणि खडवली येतं. टिटवाळ्यापर्यंत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची हद्द आहे, खडवलीला ग्रामपंचायत. झाडांच्या बाबतीत या एका स्टेशनाच्या अंतरात कायदाच बदलतो. टिटवाळ्यात झाड तोडायचं तर १९७५चा नागरी क्षेत्रांचा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. तिथे वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आहे, हरकती मागवणं आहे, दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचं बंधन आहे. खडवलीत यातलं काहीच नाही. इथे लागू होतो तो १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, हिरडा, बीजा, हळदू, किंजळ अशी सोळा नावं आहेत. ही झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. मात्र या यादीत वड नाही, पिंपळ नाही आणि उंबरही नाही.

खडवलीजवळच्या भातसा नदीच्या काठावरचा जुना उंबर कोण सांभाळणार, या प्रश्नाला खेड्यात एक कायदेशीर उत्तर आहे, पण ते फार कमी जणांना ठाऊक असतं. ते उत्तर म्हणजे गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे प्रत्येक ग्रामपंचायतीनेही, ती नेमायची असते. २००४च्या नियमांनुसार तिच्यात अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य असत. त्यांत किमान एक तृतीयांश महिला आणि अठरा टक्के अनुसूचित जाती-जमातींचे लोक हवेत, अशी अट होती. २०२३च्या दुरुस्तीने सदस्यसंख्या सात ते अकरा केली. ही माणसं नोकरदार नाहीत, वेळ काढून काम करणारी गावचीच माणसं आहेत. म्हणून निवड करतानाच नीट विचार करावा लागतो. औषधी झाडपाला ओळखणारा वैदू, मासे पकडणारा कातकरी, राब भाजणारा शेतकरी, सरपणासाठी रोज माळावर जाणारी बाई, शाळेतला विज्ञानाचा शिक्षक अशी माणसं समितीत आली तर काम चालतं. फक्त पुढाऱ्यांची नावं भरली तर समिती कागदावर राहते, हे अनेक गावांत दिसून आलं आहे.

समितीचं कायद्याने ठरवलेलं मुख्य काम झाडं लावणं नाही. ते काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं आणि ती जिवंत ठेवणं. या नोंदवहीची कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गावोगावी करून पाहिली आणि पुढे ती कायद्यात आली. २०१९मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२०ची मुदत दिली आणि ती चुकवणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. तेव्हा देशभर नोंदवह्यांची एकच घाई झाली. घाईत भरलेली वही म्हणजे यादीच असते. तिच्यात झाडांची नावं असतात, पण ती कुठे आहेत, कोणाच्या जमिनीत आहेत, कशी आहेत, हे नसतं. म्हणून कामाला लागणाऱ्या समितीने पहिल्या वर्षी नवी वही काढू नये. जुनी वही उघडावी आणि ती हातात घेऊन गावात फिरावं.

या फिरण्यात एका झाडाची नोंद कशी करतात ते पाहू. समजा, नदीच्या वाटेवर एक उंबर आहे. सोबत टेप, वही, पेन आणि मोबाइल असला की पुरे. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, टेप खोडाभोवती फिरवून घेर घ्यायचा. उतारावरच्या झाडाचा घेर चढाच्या बाजूने उंची मोजून घेतात. नाहीतर दर वर्षी वेगळा आकडा येतो आणि झाड वाढलं की नाही ते कळत नाही. नंतर जागा लिहायची : गट नंबर, वाट, जवळची खूण, मोबाइलवर मिळणारे अक्षांश-रेखांश. मग झाडाची अवस्था. फांद्या छाटल्यात का, खोडात ढोली आहे का, बुंध्याशी कोणी शेकोटी पेटवते का, मुळांवर सिमेंट टाकलंय का? ढोली दिसली की थांबून बघावं, तिच्यात पिंगळा किंवा पोपट असू शकतो. उंबराला वर्षातून अनेकदा फळं येतात आणि खोडालाच लगडतात. म्हणून इतर झाडांवर काही नसतं तेव्हाही तांबट, बुलबुल, धनेश, वटवाघळं इथे येतात. कोणत्या महिन्यात कोण आलं, हे लिहिण्यासाठी वहीत एक रकाना हवा. शेवटी, त्या झाडाबद्दल गावातली म्हातारी माणसं काय सांगतात ते लिहून घ्यायचं. पूर्वी पूर कुठपर्यंत येत असे, साल कशासाठी वापरत, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं. एका झाडाला नीट वेळ दिला तर दिवसभरात मोजकीच झाडं होतात. तरी घाई करू नये, कारण पुढे कुणी झाडावर हरकत घेतली की समितीच्या हातात हेच एक पान असतं.

आता समितीचं वर्ष. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायच्या असतात आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना त्या घेण्याची रूढी आहे. या चार तारखा आपल्या भागातल्या झाडांच्या वर्षाशी अगदी बरोबर जुळतात. समितीच्या शब्दाला वजन येतं ते ग्रामसभेच्या ठरावाने, म्हणून कामाचं वेळापत्रक या चार सभांना बांधून घेणं शहाणपणाचं.

सुरुवात २ ऑक्टोबरपासून करावी. तोपर्यंत पाऊस संपत आलेला असतो आणि गवत कंबरेपर्यंत वाढलेलं असतं. जूनमध्ये लावलेली रोपं शोधून मोजायची हीच वेळ. किती लावली, किती जिवंत, किती गेली आणि कशाने गेली, या चार गोष्टी सभेत वाचून दाखवाव्यात. गाईगुरांनी खाल्लं, गवताने दाबलं, खड्ड्यात पाणी साचलं, वाळवी लागली, यातलं कारण कळलं नाही तर पुढच्या वर्षी तीच रोपं त्याच पद्धतीने पुन्हा मरतात.

याच सभेत राबाचा विषय घ्यायला हवा. ठाणे जिल्ह्यात हा विषय जुना आणि नाजूक आहे. राब म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजणं. त्यासाठी ऐन आणि इतर झाडांच्या फांद्या तोडतात, त्यांना टहाळ म्हणतात. टहाळ, शेण, गवत, पालापाचोळा यांचे थर रचून उन्हाळ्यात पेटवतात. जमीन भाजली की तण कमी होतं आणि राखेवर रोप जोमाने येतं. इंग्रजांच्या काळात वन खात्याने टहाळीवर बंधनं आणली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की १८८५मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला. हा इतिहास माहीत असलेली समिती राबाला सरसकट बंदी घालत नाही. ती टहाळ तोडण्याचा नियम ठरवते. झाडाचा शेंडा राखायचा, कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही, एकाच झाडावर सलग दोन वर्षं कोयता चालवायचा नाही. दुसरीकडे बांधावर गिरिपुष्प लावायला सांगावं. त्याचा पाला खाचरात गाडला की जमिनीला नत्र मिळतं. चारसूत्री भातशेतीत त्याचा वापर आहेच. गिरिपुष्प परदेशी झाड आहे, पण बांधापुरतं ठेवलं तर माळावरच्या ऐनावरचा ताण कमी करतं. मला हा सौदा पटतो.

२६ जानेवारीच्या सभेत वणव्याबद्दल आणि फक्त वणव्याबद्दलच बोलायचं. फेब्रुवारी ते मे या काळात एक ठिणगी तीन वर्षांची मेहनत खाऊन टाकते. लागवडीभोवतीचं गवत कापून आणि कडेचा पट्टा साफ करून जाळरेषा काढणं, शिकारीसाठी किंवा गवत चांगलं यावं म्हणून आग लावणाऱ्यांशी आधीच बोलणं, कोणी धूर पाहिला तर कोणाला फोन करायचा ते ठरवणं, एवढं पुरतं. गावाभोवतीची वनजमीन वन विभागाची असेल तर १९९२पासून महाराष्ट्रात चालू असलेली संयुक्त वन व्यवस्थापन समिती, नाहीतर २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले असतील तर ग्रामसभेची समिती, यांच्या बरोबरीनेच हे करावं लागतं. समित्या दोन असल्या तरी माणसं बहुधा तीच असतात. कामाची विभागणी आधी लेखी झाली की वाद होत नाहीत.

उन्हाळ्यातलं दुसरं काम पाण्याचं. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने मुरमाड माळ कोरडा असतो. नवं रोप मरतं ते बहुतेक पहिल्या मार्च ते मे या काळात. बुंध्याजवळ बारीक छिद्राचं मडकं पुरून ते भरून ठेवायचं, आळ्यात पाल्याचं जाड आच्छादन घालायचं. मडकं कोण भरणार, याची नावं वहीत हवीत. पाळी वाड्यावाड्यांत वाटली तर टिकते.

१ मेच्या सभेत जागा ठरते. इथे पहिला प्रश्न ‘किती झाडं लावायची’ हा नसून ‘जागा कोणाची’ हा आहे. सातबारा तलाठ्याकडून पाहून घ्यावा. जागा गायरान, खाजगी, वन, रेल्वे की नदीकाठची सरकारी, यावर परवानगी अवलंबून असते. रेल्वेच्या ओव्हरहेड तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिच्याजवळ लावलेलं झाड आज ना उद्या कापलं जाणारच. महावितरणच्या तारांखाली मोठं होणारं झाड लावलं की दर मे महिन्यात त्याचा शेंडा उडतो. गायरानात लावायचं तर गुरं कुठे चरणार, हे गुराख्यांनाच विचारायला हवं.

खड्डे मे महिन्यातच काढावेत. ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी, खोली हे साधं माप, मुरमात ६० घ्यावं. वरची माती वेगळी ठेवायची आणि खड्डा उन्हात तापू द्यायचा. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून मिळतात. हा विभाग राज्यात १९८२पासून आहे. पण गावाने आपली छोटी रोपवाटिका करावी, असं माझं ठाम मत आहे. जांभळाचं आणि मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. पडलं की लगेच पिशवीत लावावं लागतं, आणि हे काम गावातच होऊ शकतं. बहाव्याचं बी कडक असतं, ते गरम पाण्यात भिजवल्याशिवाय रुजायला वेळ लावतं. वाळुंजाची तर फांदी खोचली तरी ओलाव्यात ती मूळ धरते.

वाळुंजाचं नाव नदीमुळे घेतलं. भातसा धरणातून मुंबईसाठी सोडलेलं पाणी याच पात्रातून वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं आणि खडवली त्या वाटेवर आहे. इथला काठ ढासळला तर गाळ त्या पाण्यात जातो. काठावर गुलमोहर किंवा निलगिरी लावून उपयोग नाही. पुराचा मार सोसणारी झाडं काठाची असतात. पाण्याजवळ शेरणी आणि वाळुंज, त्याच्या वर करंज, जांभूळ, उंबर, ताम्हण, आणि माळावर ऐन, मोह, पळस. पात्रात मात्र काही लावू नये, पहिल्या पुरात ते जातं. सुट्टीच्या दिवशी इथे लोकलने येणारी गर्दीही काठाचा भाग आहे. चुली पेटवण्याची आणि कचऱ्याची जागा ठरवली आणि तिथपर्यंतची वाट एकच ठेवली तर उरलेल्या काठावरचं गवत आणि रोपं वाचतात.

रोप जमिनीत घालायचं ते जूनच्या अखेरीस, दोन चांगले पाऊस झाले की. प्लॅस्टिकची पिशवी पूर्ण काढायची, गोल फिरलेली मुळं कापायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, मग आधाराची काठी आणि बोराटीचं काटेरी कुंपण. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो, त्या आठवड्यात गावात उत्साह असतो आणि तो वापरावा. पण जिथे आठ महिने राखण करायला माणूस नाही तिथे रोप लावू नये. पन्नास लावून पन्नासांची काळजी घेणारी समिती पाचशे लावून फोटो काढणाऱ्या समितीपेक्षा गावाच्या जास्त कामाची आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानासारख्या उपक्रमांमुळे गावं झाडांकडे वळली, हे चांगलंच झालं. अशा उपक्रमांत लागवडीचा आकडा दाखवणं सोपं असतं. जगलेल्या झाडाचा आकडा समितीला स्वतःच मागावा लागतो.

१५ ऑगस्टच्या सभेपर्यंत नांग्या भरून व्हायला हव्यात, म्हणजे जून-जुलैत मेलेल्या रोपांच्या जागी नवी. त्यानंतर लावलेल्या रोपाला मूळ धरायला पाऊस पुरत नाही.

पैशाचं थोडक्यात. लागवड आणि संगोपनाची मजुरी रोजगार हमी योजनेतून मिळू शकते. कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे स्थानिक जैवविविधता निधीही असतो, आणि व्यापारासाठी गावच्या हद्दीतली जैविक संपत्ती नेणाऱ्यांकडून समितीला शुल्क आकारता येतं. पण या निधीची वाट बघत बसणाऱ्या समित्या काही करू शकत नाहीत. नोंद, गणना, जाळरेषा, बोलणी यांना मुख्यतः वेळ लागतो. गावाने मनावर घेतलं की काय उभं राहतं याचं उदाहरण सिंधुदुर्गातलं बांबर्डे आहे. तिथल्या देवराईतली मायरिस्टिका झाडांची दलदल गावकऱ्यांनी राखली होती, आणि पुढे ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

तुमच्या गावातही कायद्याने अशी समिती आणि तिची वही असायला हवी. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ग्रामसेवकांना ती पटलावर ठेवायला सांगा. आपल्या घराजवळच्या सर्वांत जुन्या झाडाचं पान उघडा. ते पान नसेल तर ते लिहिण्याचा ठराव त्याच सभेत मांडा आणि लिहिणाऱ्यांत आपलं नाव द्या.