बोधचिन्ह गाडीचं, पायडल सायकलचं

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात जग्वार किंवा लँड रोव्हर मोटार क्वचितच दिसेल. त्या नावाची, तीन जाड आऱ्यांच्या चाकांची घडीची सायकल मात्र ऑनलाइन मागवता येते. गंमत म्हणजे या दोन्ही नावांची मालकी 2008 पासून मुंबईच्या टाटांकडे आहे!

मोटार कंपन्या सहसा स्वतः सायकल बनवत नाहीत. त्या परवाना देतात. सांगाडा, गिअर, ब्रेक दुसऱ्याचे. अमेरिकेतल्या मॉन्टेग्यू कंपनीने बीएमडब्ल्यूच्या नावाने घडीच्या सायकली काढल्या. 1997 मध्ये अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या निधीतून तिने छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल तयार केली आणि पुढे तिच्यावर आधारलेली सायकल हमर नावाने विकली.

आपल्या बाजारात नुसतं बोधचिन्ह हा परवान्याचा पुरावा नव्हे. बिलावर निर्माता किंवा आयातदार कोण, हे आधी पाहावं. 26 इंची टायर गावातही मिळेल. बिजागरीचा खटका तुटला तर मोटारीच्या शोरूममध्ये कोणी दाद घेणार नाही.

इतिहास मात्र उलटा आहे. पूजो 1882 पासून सायकली बनवत होती, मोटार नंतर आली. स्कोडाची मुळंही 1895 च्या सायकल कारखान्यात आहेत.

मुंबईत आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या चाकांची, घडी होणारी ‘हॉर्नबॅक’ ही विजेवर चालणारी सायकल बनवली. 2023 मध्ये ती चालवतानाची छायाचित्रं मोटार उद्योगातल्या आनंद महिंद्रांनी समाजमाध्यमावर टाकली. त्यांचे पैसे तिच्यात आहेत, नाव नाही.