मुलाच्या वाट्याचे सूर

मार्गळी महिना लागला, म्हणजे साधारण डिसेंबरचा मध्य उलटला, की चेन्नईत जो तो कच्चेरीच्या गोष्टी करू लागतो. कच्चेरी म्हणजे सरकारी कार्यालय नव्हे, गाण्याची मैफल! मैलापूर, टी. नगरमधली सभागृहे भरून जातात. गाणे, वीणा किंवा व्हायोलिन शिकणारे एखादे मूल ओळखीच्या दोन-चार घरांत हमखास सापडावे, असे हे शहर. पण अशा सुरेल घरातही शाळेच्या ऑर्केस्ट्रात नाव घातलेले मूल सरावाला बसले की आई-वडील गोंधळतात. मूल तेच चार सूर पुन्हा पुन्हा वाजवते, मग बो खाली घेऊन तोंडाने आकडे मोजत गप्प बसते. शेवटी आजी विचारतेच, ‘‘अरे, यात गाणं कुठाय?’’

आजीचे काही चुकत नाही. आपले संगीत प्रामुख्याने एका कलावंताचे. मृदंग वा तबला साथीला असला तरी राग उलगडतो तो एकच जण. ऑर्केस्ट्रात मात्र गाणे सगळ्यांत वाटलेले असते. पहिल्या व्हायोलिनकडे चाल असेल, तर दुसऱ्या व्हायोलिनकडे तिला आधार देणारे सूर. चेलोवाल्याला एकच स्वर बराच वेळ धरायचा असतो आणि ट्रम्पेटवाल्याला चाळीस मात्रा मोजून एकदाच वाजवायचे असते. दिंडीतल्या एका वारकऱ्याचा टाळ एकटाच ऐकला तर त्यात अभंग सापडत नाही. पण तो टाळ चुकला तर सगळ्या दिंडीचा ठेका डळमळतो. मुलाचा घरचा सराव हा असा एका टाळाचा सराव आहे, हे एकदा लक्षात आले की पालकांचे निम्मे काम झाले.

एक वाद्य, दोन तऱ्हा

चेन्नईला व्हायोलिन नवे नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बाळूस्वामी (जन्म १७८६) मद्रासच्या परिसरात राहत असताना युरोपियन वादकाकडून हे वाद्य शिकले आणि त्यांनी ते कर्नाटक संगीतात आणले, असे सांगितले जाते. मणलीच्या मुदलियार घराण्याचा दीक्षित कुटुंबाला आश्रय होता, म्हणून ही शिकवणी शक्य झाली. त्याच सुमारास तंजावरला आपले सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) पाश्चात्त्य वाद्यांना दरबारात मानाचे स्थान देत होते.

दोनशे वर्षांत व्हायोलिन इथलेच झाले आणि त्याची बैठकही बदलली. कर्नाटक पद्धतीत वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे टोक उजव्या पावलावर टेकवतो आणि तारा सा-प-सा-प अशा लावतो. शाळेच्या ऑर्केस्ट्रात तेच वाद्य खांद्यावर, हनुवटीखाली येते आणि तारा जी-डी-ए-ई अशा लागतात. मूल दोन्हीकडे शिकत असेल तर दोन्ही शिक्षकांना तसे स्पष्ट सांगावे. एकाच व्हायोलिनच्या तारा रोज चढवणे-उतरवणे टाळून जमल्यास दुसरे साधे वाद्य ठेवावे.

वाढत्या अंगाचे नको

मुलांचा फ्रॉक किंवा शर्ट आपण वाढत्या अंगाचा घेतो. व्हायोलिनच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत ते मिळते. मोठे माप घेतले तर हात ताणला जातो, बोटे सुरावर पडत नाहीत आणि मूल कंटाळते. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात सरळ केल्यावर वरचे टोक तळहातात आरामात मावले, तर माप बरोबर समजावे. विकत घेण्यापूर्वी शिक्षकांना विचारावे. वाद्य भाड्याने किंवा मोठ्या मुलाकडून वापरलेले मिळत असेल तर उत्तम, कारण एक-दोन वर्षांत माप बदलणारच.

चेन्नईची दमट हवा वाद्याला सोसत नाही. लाकडी खुंट्या फुगून घट्ट बसतात, त्या जोर लावून पिळू नयेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाद्य ठेवू नये, उष्णतेने सांधे सुटतात. वाजवून झाले की बो सैल करावा आणि तारांवर पडलेली राळेची पूड मऊ फडक्याने पुसावी. ही कामे हळूहळू मुलाकडेच सोपवावीत.

नोटेशन वाचता येत नाही?

बहुतेक पालकांना ते येत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. ए. आर. रहमान नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील, संगीतकार आर. के. शेखर गेले. आईने पतीची वाद्ये विकली नाहीत. ती भाड्याने देऊन संसार चालवला. त्याच रहमान यांनी २००८ साली चेन्नईत के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी सुरू केली. गरीब घरांतील मुलांना पाश्चात्त्य वाद्ये विनामूल्य शिकवणारा ‘सनशाइन ऑर्केस्ट्रा’ही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. पोट भरण्याची धडपड चाललेल्या घरांत नोटेशन वाचणारे कोण असणार? तरीही ही मुले शिकतात. पालकांकडून हवे असते ते एवढेच : सरावाची रोजची ठरलेली वेळ, त्या वेळी बंद असलेला टीव्ही आणि तालमीला वेळेवर पोहोचवणारे कोणीतरी. लहान मुलाला रोजची वीस मिनिटे पुरतात. आठवडाभर काही न करता रविवारी दोन तास बसवण्यात अर्थ नाही.

आणि दहावी?

खरा पेच इथे येतो. नववी संपली की क्लास, चाचण्या सुरू होतात आणि व्हायोलिन कपाटावर जाते. पालकांची काळजी खोटी नाही. पण गाण्याची एकट्याची शिकवणी थांबवणे आणि ऑर्केस्ट्रातून मध्येच उठणे यांत फरक आहे. शाळेत दोनच चेलो असतील आणि त्यांतला एक गेला, तर उरलेल्या तीस मुलांचा पाया निम्मा होतो. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक शिक्षकांना आधीच कळवावे. हाती घेतलेला कार्यक्रम पुरा करू द्यावा. नंतर सराव बंद न करता कमी करावा. आणि सोडण्याचा निर्णय घ्यायचाच झाला, तर तो मुलाला बरोबर घेऊन घ्यावा. वाजवायचा कंटाळा आहे, की एखादा अवघड भाग जमत नाही, की शेजारचा मित्र चिडवतो, हे त्याच्याकडूनच कळेल. यांतल्या दोन अडचणींवर तरी उपाय सापडतो.

पाहुणे आले की ‘बाळ, एक गाणं वाजवून दाखव’ असा आग्रह मात्र धरू नये. दुसऱ्या व्हायोलिनवाल्याकडे दाखवण्यासारखे गाणे नसते आणि तो उगीच ओशाळतो. त्याऐवजी रात्री जेवताना विचारावे, ‘‘तू थांबला होतास तेव्हा बाकीचे काय वाजवत होते?’’ जे मूल याचे उत्तर देऊ लागते, ते दुसऱ्याचे ऐकायला शिकलेले असते.