पहार, टिकाव आणि तीन पावसाळे

पाऊस ओसरत आला आणि सोसायटीच्या सभेत कुंपणालगतच्या रानाचा विषय निघाला, की दोन सूचना हमखास येतात: जेसीबी बोलवा, नाहीतर औषध मारा. दोन्हींमागे एकच समज असते. झुडूप मोठे आहे, म्हणजे ते काढायला ताकदही मोठी लागणार. सानपाड्यासारख्या उपनगरात, चार-सहा गुंठ्यांच्या आवारात, ही समज महागात पडते. झुडूप कितीही पसरलेले असो, त्याचा जीव बुंध्याजवळच्या थोड्याशा जागेत असतो. ती जागा नेमकी ओळखून तोडण्याचे काम दोन माणसे, एक पहार आणि एक टिकाव यंत्रापेक्षा चांगले करतात.

आधी इथली जमीन आणि इथली झुडपे पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल पट्ट्यांवर भराव पडत नवी मुंबई उभी राहिली. सानपाड्याचा बराच भाग अशाच भरावावर आहे. खाली खाडीचा चिखल, त्यावर मुरूम-दगड, आणि अगदी वर बागेसाठी आणून टाकलेला लाल मातीचा पातळ थर. अशा उघड्या, उखडलेल्या जमिनीवर घाणेरी आणि सुबाभूळ सहज पाय रोवतात. दोन्ही मूळच्या उष्ण कटिबंधीय अमेरिकेतल्या. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी भारतात आली आणि बागेचे कुंपण ओलांडून रानोमाळ गेली. सुबाभळीचा प्रसार चारा, सरपण आणि पडीक जमिनीवरील हिरवाईसाठी मुद्दाम केला गेला. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बायफ’ या संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. शेतकऱ्याच्या बांधावर, नियमित कापणी होत असताना, तिचा उपयोगही आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात मात्र तिला कापणारे कोणी नसते. शेंगा तडकतात, बी मातीत वर्षानुवर्षे टिकते, आणि एका झाडाची झाडी होते.

या दोघींचा एक गुण सारखा आहे. वरून छाटल्या की त्या दुप्पट जोमाने फुटतात. माळी दरवर्षी कोयत्याने घाणेरी जमिनीलगत सपाट करतो आणि पुढच्या पावसात तिथे एका दांड्याऐवजी आठ-दहा धुमारे उभे राहतात, ते यामुळेच. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात घाणेरी काढताना याच गोष्टीवर बोट ठेवले. खोड संपून मूळ जिथे सुरू होते त्या सांध्यात नव्या कोंबांचे डोळे असतात. मुख्य मूळ या सांध्याच्या खाली, म्हणजे जमिनीखाली साधारण तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडले, तर मागे उरलेले मूळ सहसा फुटत नाही. म्हणजे अख्खे मूळ उपसायची गरज नाही आणि मोठा खड्डाही नको. एकाने फांद्या दोराने बांधून जाळी एका बाजूला ओढून धरायची, दुसऱ्याने बुंध्याभोवतीची माती वीतभर मोकळी करून टिकावाच्या धारेने सांध्याखाली घाव घालायचा. जाळी सुटली की ती मुळे वर करून उन्हात उलटी ठेवायची. ओल्या मातीवर आडवी टाकली, तर फांद्यांना पुन्हा मुळे फुटू शकतात.

सुबाभळीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून तिथे युक्ती वेगळी. झाड बुंध्याशी कापून टाकणे ही नेहमीची चूक. खोड छातीइतके उंच ठेवावे, कारण तेच उपटण्याचे हत्यार आहे. बुंध्याभोवती चर खणून बाजूची मुळे कुऱ्हाडीने तोडायची, चरात पाणी सोडून रात्रभर मुरू द्यायचे आणि मग खोड चारी दिशांना हलवत पहारीने खालून उचकायचे. मनगटाएवढी झाडे अशी निघतात. मांडीएवढी झाडे निघत नाहीत, तिथे करवत आणि पुढे दोन पावसाळे कोंब मोडत राहण्याची चिकाटी लागते.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. जेसीबी तासाभरात मोकळा होतो, हे खरे. पण त्या तासाभरात वरचा मातीचा थर खालच्या मुरमात मिसळतो, शेजारच्या आंब्याची मुळे तुटतात, आणि आवारातल्या विजेच्या केबल व गॅसच्या नळ्या धोक्यात येतात. शिवाय उकरलेली मोकळी जमीन सुबाभळीच्या निजलेल्या बियांना आयते आमंत्रण ठरते. दुसरा आक्षेप, मग तणनाशक का नको? ग्लायफोसेट हे तणनाशक झुडूप वाळवते, पण वाळलेला सांगाडा शेवटी माणसालाच ओढावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली हे रसायन ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. केंद्र सरकारने २०२२ साली त्याचा वापर फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. मुले खेळतात त्या आवारात माळ्याच्या हाती फवारणीचा पंप देणे म्हणूनच योग्य नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शहरात आधीच हिरवळ कमी, तीही का काढायची? घाणेरीवर फुलपाखरे येतात, बुलबुल तिची फळे खातात. पण फुलपाखरू तिथे मध प्यायला येते, अंडी घालायला त्याला दुसरे झाड शोधावे लागते. घाणेरीच्या जागी कढीपत्ता, लिंबू, निर्गुडी, अडुळसा लावला तर कुंपण राहते आणि अळ्यांनाही पाला मिळतो. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावे: एक पट्टा काढायचा, तिथे लगेच लावायचे, मग पुढचा. घरटे दिसले तर तेवढी जाळी पिल्ले उडेपर्यंत सोडायची. कायद्याचेही भान हवे. शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाच्या १९७५च्या राज्य कायद्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपेही येतात. तेव्हा कुऱ्हाड उचलण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज द्यावा. पाम बीच रस्त्यापलीकडे खाडीच्या अंगाला तर हातच लावू नये. तिथली मारांडी बागवाल्याला तण वाटेल, पण ती कांदळवनातली वनस्पती आहे आणि कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण आहे.

राहिला खर्च. नाक्यावरच्या दोन मजुरांची काही दिवसांची मजुरी जेसीबीच्या भाड्याहून जास्त भरेलही. हिशेब मात्र एका दिवसाचा नसून तीन पावसाळ्यांचा करायला हवा. पहिल्या वर्षी दिवाळीच्या आसपास, माती ओलसर आणि ऊन कडक असताना, मोठी झुडपे काढावीत. पुढची दोन वर्षे जुलैत बोटभर रोपे हाताने उपटावीत. त्या वयात ती दोन बोटांच्या चिमटीत निघतात. मजुरांना जाड हातमोजे आणि गमबूट द्यावेत, आणि जाळीत हात घालण्याआधी काठी आपटायला सांगावे, कारण पावसाळ्यानंतर घोणस अशाच आडोशाला असते. वार्षिक सभेत ‘झुडपे काढणे’ असा एकदाचा खर्च मंजूर करण्याऐवजी तीन वर्षांची छोटी तरतूद केली, तर चौथ्या वर्षी हा विषय पत्रिकेवर घ्यावा लागणार नाही.