दात, अन्न आणि पाणी

देवास जिल्ह्यातील पीपलरावां असो वा माळव्यातील अन्य गाव, भाकरीचा घास तोंडात घेताच दोन प्रकारचे बदल सुरू होतात. दात घास बारीक करतात. यात पदार्थ तोच राहतो, केवळ आकार बदलतो. म्हणून हा भौतिक बदल होय. त्याच वेळी लाळेतील विकर भाकरीतील पिष्टाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करते. येथे नवा पदार्थ तयार होतो. म्हणून हा रासायनिक बदल होय. घास बराच वेळ चावल्यास किंचित गोड लागतो, तो यामुळेच. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून घेता येईल.

दातांच्या बाबतीतही हाच भेद आहे. सुपारी फोडताना दाताचा टवका उडाला, तर तो भौतिक बदल. कीड मात्र रासायनिक बदलाने लागते. दातांवरील थरातील जीवाणू साखर व गूळ यांपासून आम्ल तयार करतात. आम्लता वाढून त्या थराचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्क, म्हणजे दाताचे कठीण आवरण, विरघळू लागते. प्रारंभीचे नुकसान लाळेतील क्षार भरून काढतात. परंतु वारंवार गोड खाल्ल्यास त्यांना अवसर मिळत नाही. एकदा खड्डा पडला, की दंतवल्क पुन्हा वाढत नाही.

दातांवरील सर्वच दोष मात्र अन्नामुळे उद्भवत नाहीत. मध्य प्रदेशातील धार, तसेच महाराष्ट्रातील यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. सुमारे आठ वर्षांखालील मुले असे पाणी नित्य पीत असल्यास जबड्यात घडत असलेल्या कायम दातांचे दंतवल्क सदोष होते. असे दात पांढुरके ठिपके घेऊन उगवतात. दोष तीव्र असल्यास पुढे त्यांवर तपकिरी डाग दिसतात. ते घासून जात नाहीत. अशा मुलास अस्वच्छ म्हणून बोल लावणे हा अन्याय होय.

पाणी उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार इष्ट मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून, पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. यास्तव ग्रामपंचायतींनी विहिरी व हातपंप यांच्या पाण्याचे नमुने तपासून घ्यावेत. प्रमाण अधिक आढळल्यास तो स्रोत पिण्यासाठी बंद करावा व मुलांसाठी सुरक्षित पाण्याची सोय प्रथम करावी.