पन्नास तारे आणि बुद्धिबळाचा पट

अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावर प्रत्येक घटकराज्याचा एक तारा असतो. १७७७ साली ते १३ होते. नवे राज्य सामील झाले की त्यानंतरच्या ४ जुलैला एक तारा वाढवायचा, असा कायदा १८१८ मध्ये झाला. तारे मांडायचे कसे, हे मात्र १९१२ पर्यंत ठरलेले नव्हते. कोणी ते वर्तुळात मांडी, कोणी एका मोठ्या ताऱ्याच्या आकारात. १९१२ साली ४८ तारे आठ-आठच्या सहा रांगांत बसवले गेले.

१९६० मध्ये हवाईचा तारा आला आणि संख्या ५० झाली. दहा-दहाच्या पाच रांगा फार लांबट दिसतात. म्हणून ६, ५, ६, ५... अशा नऊ रांगा केल्या. प्रत्येक रांगेतले तारे वरच्या रांगेतल्या फटींखाली येतात.

या रचनेमागचे गणित पाहू. बुद्धिबळाच्या पटासारखा ११ × ९ घरांचा पट काढा. कोपऱ्यापासून सुरुवात करून एक घर सोडून एक तारा मांडा. घरे ९९, त्यांपैकी ५० भरली, ४९ रिकामी राहिली. हाच तो ध्वज!

म्हणजे ताऱ्यांची संख्या 'न' असेल, तर २न − १, २न किंवा २न + १ यांपैकी एका संख्येचे असे दोन अवयव हवेत, की ज्यांत फार तफावत नाही. ४९ साठी ९८ = १४ × ७; सात-सातच्या सात रांगांचा हा ध्वज १९५९ मध्ये खरोखरच होता. उद्या ५१ वे राज्य आले, तर १०२ = १७ × ६; रांगा ९, ८, ९, ८, ९, ८.

आता २९ घ्या. ५७ = ३ × १९, ५८ = २ × २९, आणि ५९ मूळ संख्या. साध्या उभ्या-आडव्या रांगा कराव्यात, तर २९ हीही मूळ संख्याच! कूकुलोपुलोस आणि थील या गणितज्ञांनी २०१२ मध्ये आणखी काही रचनाही विचारात घेतल्या. तरीही १ ते १०० मध्ये २९, ६९ आणि ८७ यांना सुबक मांडणी मिळाली नाही. संख्या वाढत जाते तशा अशा मांडण्या विरळ होत जातात, हेही त्यांनी सिद्ध केले.

अवयव पाडणे म्हणजे केवळ लसावि-मसाविची तयारी नव्हे. संख्येला कोणता आकार देता येईल, हे त्यातून कळते. वर्गात ५२ तारे मांडायला सांगून पाहा. या वेळी पटाचे कोपरे रिकामे ठेवूनही मांडणी करता येईल.