न दिसणारा घसारा

मोटारीचे इंजिन, ब्रेक आणि टायर यांची चौकशी आपण आवर्जून करतो. गॅरेजमध्ये ज्याला सर्रास 'शॉकअप' म्हणतात, त्या शॉक ॲब्सॉर्बरची आठवण मात्र खड्ड्यात धक्का बसल्यावरच होते. तो केवळ प्रवाशांच्या कंबरेसाठी असतो, असा समज आपल्या घरांतून पक्का रुजला आहे. वस्तुतः त्याचे पहिले काम सुखाचे नसून सुरक्षिततेचे आहे.

गाडीचा भार स्प्रिंग पेलते. खड्ड्यातून जाताना ती दबते, मग उसळते, आणि तिला आवरणारे कोणी नसेल तर कितीतरी वेळ वरखाली होत राहते. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीतील दट्ट्या तेलातून सरकतो, ते तेल बारीक छिद्रांतून वाट काढते आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन विरून जाते. त्यामुळे चाक रस्त्याला धरून राहते, आणि खरे मर्म येथेच आहे. ब्रेक थांबवतो ते चाक. गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्यातील पकडीमुळे. ही पकड चार चाकांखालच्या तळहाताएवढ्या चार जागांवर टिकलेली असते. चाक अधांतरी उसळले, तर उत्तम ब्रेकही तेवढा वेळ निरुपयोगी ठरतात. एबीएसचा आधारही तीच पकड. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, हे ध्यानात घ्यावे.

अडचण अशी, की हा भाग सहसा एकाएकी मोडत नाही. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर हा घसारा आहे; रोजकीर्दीत त्याची नोंद होत नाही. रोज तीच गाडी चालवणाऱ्याचे हात तिच्या डळमळीला सरावतात. एखाद्या दिवशी डिकीत मालाचे गठ्ठे आणि मागे घरची मंडळी घेऊन खंबाटकीचा घाट उतरताना गाडी वळणावर झुकते व लवकर सावरत नाही, तेव्हा सारे उघड होते. ती काही परीक्षेची जागा नव्हे.

ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाणे, टायर ठिकठिकाणी खोलगट झिजणे, नळीवर तेलाचा ओघळ दिसणे, ही लक्षणे आधीच सांगत असतात. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा अनेकांना ठाऊक आहे. गाडी डुलत राहिली तर दोष निश्चित. पण ती स्थिरावली म्हणून निर्धास्त होऊ नये. हाताचा दाब कोठे आणि भरधाव वेगातील खड्डा कोठे!

बदलण्यासाठी पुष्कळदा ८०,००० किलोमीटरचा दाखला दिला जातो. आपले खड्डे आणि गतिरोधक पाहता मला तो आकडा उदार वाटतो. दर सर्व्हिसिंगला तपासणी करून घेणे बरे. एकच बिघडला असता दोन का बदलायचे, हा प्रश्न व्यापारी मनाला पडणारच. एक नवा व एक थकलेला राहिला, तर दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही. म्हणून पुढची किंवा मागची जोडी एकत्रच बदलावी. पुढची जोडी बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, आणि बिलावर दोन्ही नगांची व हमीच्या मुदतीची नोंद आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.